हातातला कप

बाबा माझी पुस्तकं वाचायचे म्हणजे फक्त फुगे वाचायचे. फुगे म्हणजे कॉमिकमध्ये माणसांच्या तोंडाशी काढतात ते, बोलण्याचे. चार महिने मान मोडून काढलेलं पुस्तक ते दहा मिनिटांत संपवायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "स्पेलिंगच्या चुका नाहीत." त्या फुग्यांतली अक्षरं मी लिहीत नाही, ते काम दुसऱ्याचं असतं, मी फक्त त्याच्यासाठी जागा सोडते, हे मी त्यांना शंभरदा तरी सांगितलं असेल. मला फार राग यायचा.

माणूस नागपूरचा, इकडे परदेशात येऊन नॉर्थ यॉर्कमधल्या एका ऑफिसात उमेदीची सगळी वर्षं घालवून रिटायर झालेला. एप्रिलमधल्या जयंतीच्या स्मरणिकेची प्रुफं दरवर्षी त्यांच्याकडेच यायची. लाल पेन घेऊन बसायचे आणि वेलांट्या दुरुस्त करायचे. त्यांच्या आजोबांना कुणी शाळेत बसू दिलं नव्हतं, त्यामुळे छापलेल्या शब्दापुढे ते जवळजवळ हात जोडायचे. मी लहानपणी कॉमिक घेऊन लोळत पडले की म्हणायचे, "आपल्या लोकांनी अक्षरासाठी काय काय सोसलं, अन् तू चित्रं पाहून राहिली? वाच, पोरी."

मी काही वाचलं नाही. गेली वीसेक वर्षं किचनर गावातल्या माझ्या घरात, बेसमेंटमध्ये बसून, दुसऱ्यांनी लिहिलेले खून मी काढते. दर महिन्याला एक अंक, त्यात कमीत कमी एक प्रेत. घोडे काढायचा मला कंटाळा आहे आणि पिळदार दंडांचे हिरो तर डोक्यात जातात. आवडतात ते हात. ब्रशनं, काळ्याभोर शाईनं काढलेले. फक्त रिकामा हात माझ्याच्यानं काढवत नाही, तो मेल्यासारखा दिसतो. बोटांना काहीतरी धरायला दिलं की तो जिवंत होतो, मग ती किल्ली असो, सिगारेट असो, नाहीतर कप. माझी संपादिका चिडवते, की तुझी माणसं मरतानासुद्धा काहीतरी धरून मरतात.

फेब्रुवारीत बाबांना स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, गिळणं गेलं आणि शब्द गेले. इंग्रजी, हिंदी, मराठी, सगळे. एकच उरला, "बरोबर". प्रुफं तपासताना म्हणायचे तोच. दुखतंय का? बरोबर. थंडी वाजते का? बरोबर. बाहेर बर्फ पडतोय? बरोबर. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, कळतंय त्यांना सगळं. तिसऱ्या दिवशी कळलं की त्या शब्दाला काही अर्थच उरलेला नाही.

पलंगाच्या डोक्याशी पाटी होती, तोंडावाटे काहीही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही, ठसका लागून फुप्फुसात जाईल म्हणून. नाकातून नळी घातली होती, त्यातून पांढरं पातळ अन्न जायचं. दोनेक आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून सांगितलं, की नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. एकतर पोटाला भोक पाडून कायमची बसवायची, मग ते कदाचित महिनोन् महिने जगतील, असेच. नाहीतर नळी काढून घरी न्यायचं, आणि मग थोडेच दिवस. त्यांना काय हवं असेल, ते तुम्ही सांगा.

आम्हाला काय माहीत? जन्मात कधी बोलणं झालं नव्हतं त्यावर. धाकटा भाऊ व्हँकुव्हरहून आला होता. त्यानं विचारलं, "बाबा, घरी जायचं?" बाबा म्हणाले, "बरोबर." "मग पोटात ट्यूब बसवू या?" "बरोबर." भाऊ कॉरिडॉरमध्ये जाऊन रडला.

हॉस्पिटलात बोलण्याचे व्यायाम घेणारी एक मुलगी यायची. तिला माझा धंदा कळल्यावर ती म्हणाली की दोन चित्रं काढा, ते बोटानं दाखवतील. आणि बजावलं, की दोन्ही सारखी ठेवा, एक दुसऱ्यापेक्षा चांगलं नको.

मी खाली कॅन्टीनमध्ये बसून काढली. कागद एकाच मापाचे, शाई तीच, चेहरा तोच, हसू कुठेच नाही. पहिल्यात हॉस्पिटलचा पलंग, पोटाला नळी, भिंतीवर जाडजूड कॅलेंडर. दुसऱ्यात घरची बाल्कनीजवळची खुर्ची, नळी नाही, कॅलेंडरला तीन-चारच पानं. पहिल्यातल्या हातानं पलंगाची कड धरली होती. दुसऱ्यातला हात खुर्चीच्या दांड्यावर पडून होता, रिकामा. तो मला बघवेना. मी त्यात चहाचा कप दिला, वर वाफेच्या दोन रेषा. विचार असा काही केलाच नाही. हात तसे आपोआपच काढले जातात माझ्याकडून.

बाबांनी दोन्ही चित्रं बघितली. बघितली म्हणजे खरंच बघितली, कोपऱ्या-कोपऱ्यातून, मिनिट-दोन मिनिटं. आयुष्यात पहिल्यांदा ते माझं चित्र बघत होते आणि मला, लाज वाटते सांगायला, आनंद झाला. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट घरच्या चित्रावर ठेवलं. त्या मुलीनं कागदांची अदलाबदल करून पुन्हा विचारलं. पुन्हा घरच. भाऊ म्हणाला, "बाबांनी डिसाइड केलं गं. ही वॉन्ट्स टु गो होम."

"बरोबर," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते. बोट खुर्चीवर नव्हतं, माणसावर नव्हतं, कॅलेंडरवर तर नव्हतंच. दोन्ही वेळा ते कपावर होतं. दोन आठवडे ज्याच्या जिभेवर पाण्याचा थेंब नाही, असा माणूस चहा मागत होता.

मला तेव्हाच दिसलं. नुसतं वाटलं नाही, दिसलं. चित्र परत काढायला पाच मिनिटं लागली असती, कपाशिवाय, हात रिकामा ठेवून. मी काढलं नाही. मी थकले होते, त्या पोटातल्या नळीची मला किळस होती, आणि त्यांनी माझं चित्र पसंत केलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा मीच सांगितलं, की त्यांनी निवडलंय. सही माझी आहे.

नॉर्थ यॉर्कच्या घरी आणलं. भावानं ते चित्र पलंगासमोरच्या भिंतीला टेपनं चिकटवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, की हा बाबांचा स्वतःचा डिसिजन आहे. लोक माझ्या पाठीवरून हात फिरवायचे. घरी येणाऱ्या नर्सनं काडीला लावलेले गुलाबी स्पंज दिले होते, ओठ ओले करायला. चौथ्या दिवशी दुपारी मी अद्रक घालून चहा केला आणि त्यात स्पंज बुडवून त्यांच्या ओठांना लावला.

त्यांनी डोळे मिटून तो चोखला. जोरात चोखला, गालाला खड्डे पडेपर्यंत. मग डोळे उघडले आणि माझ्या हाताकडे बघितलं. मग दुसऱ्या हाताकडे, त्यात चहाची वाटी होती, कप नव्हता. मग डावा हात कसाबसा उचलून समोर भिंतीकडे बोट केलं, चित्राकडे, आणि ते तसंच धरून ठेवलं.

भाऊ दारातून बघत होता. त्याचे डोळे भरून आले. "बघ ना ताई, किती हॅपी आहेत," तो म्हणाला. "घरी आलो, हेच सांगतायत ना ते?"

मी स्पंज पुन्हा चहात बुडवला आणि म्हणाले, "बरोबर."