ऱ्हाईनवरचा पूल

पिंपळगाव रेणुकाईच्या द्वारकाबाई नव्वदीला टेकल्या होत्या. माहेर धाडचं. आज जीपनं घटकाभराची वाट. पण त्या नवरी होऊन निघाल्या तेव्हा धाड इंग्रजांच्या वऱ्हाडात आणि पिंपळगाव निजामाच्या मोगलाईत. मधल्या नाक्यावर शिपायानं त्यांची पेटी उघडून लुगडी धुळीत पसरली होती.

परवा दुपारी नात अर्पिताचा व्हिडिओ कॉल आला. ती फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला नोकरीला. ती बसलेली ट्राम ऱ्हाईन नावाच्या मोठ्या नदीवरून चालली होती.

"आजी, अल्याड फ्रान्स, पल्याड जर्मनी."

"नाका कुठंय गं?"

"नाकाच न्हाई. कधीमधी पोलीस चढतात. बाकी लोक सौदा आणायला बिलकुल आरामात जाऊन राह्यले."

द्वारकाबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. एवढे दोन देश, आणि मधे नुसतं पाणी!

अर्पिताशेजारच्या म्हातारीनं चौकशी केली. नाव मार्ग्रेट, वय द्वारकाबाईंएवढंच. दोघींचं बोलणं अर्पिता इकडून तिकडं सांगू लागली. मार्ग्रेट जन्मली फ्रान्समध्ये. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत जर्मन आले, शाळेत तिचं नावसुद्धा बदललं. लढाई संपली, पुन्हा फ्रान्स. घर मात्र तेच.

"मंग तुमी आता कोणच्या?" द्वारकाबाईंनी विचारलं.

मार्ग्रेट म्हणाली, "नातवंडं म्हणतात, आम्ही युरोपचे. त्यांची आई जर्मन आहे. माझ्या तोंडून 'युरोपची' हा शब्द निघत नाही. पुलावर आलं की हात अजून कागदपत्रं चाचपतो." द्वारकाबाईंनी मग आपल्या नाक्याची, पेटीची गोष्ट सांगितली. मार्ग्रेटनं विचारलं, "तुमच्याकडं ती हद्द मनातून जायला किती दिवस लागले?"

 सासूनं द्वारकाबाईंना मरेपर्यंत 'वऱ्हाडीण' म्हणलं होतं. त्यांनी सुनेला हाक मारली. दैवशालाही धाडचीच.

"तुला कवा कुणी वऱ्हाडीण म्हणलं का?"

"मला? न्हाई बा."

"सांग त्यांना," द्वारकाबाई नातीला म्हणाल्या, "मला जलम गेला. सुनेला काहीच न्हाई लागलं."

ते ऐकून मार्ग्रेटनं ट्रामच्या काचेकडं तोंड फिरवलं. जरा वेळानं वळली तेव्हा डोळे ओले होते. जर्मनीतलं पहिलं ठेसन आलं तशी ती पिशवी घेऊन उतरली आणि फलाटावरनं हात हलवत राहिली.

कॉल संपला, तरी द्वारकाबाई ओसरीवर तशाच बसून होत्या. दैवशाला चहा घेऊन आली.

"येवढी माणसं मेली त्या नदीपायी," त्या म्हणाल्या, "अन् आता बाया तिथून कोथिंबीर आणून राह्यल्या. देवा!"

चहा निवून गेला.