ज्वारीच्या दाण्याएवढा चेहरा: तीन मॅक्रो लेन्स घेऊन आजऱ्याला

संजय आणि मी शिरोली एमआयडीसीत एकाच फाउंड्रीत कामाला आहोत. तो डिझाइनला, मी इन्स्पेक्शनला, म्हणजे तो चुका करतो आणि मी त्या शोधतो. कास्टिंगवरची केसाएवढी चीर भिंगातून बघता बघता मला मॅक्रो फोटोग्राफीचा नाद लागला. माझं बघून तो संजयला लागला आणि तिथून भांडण सुरू झालं. त्याच्याकडे डीएसएलआर आणि शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स. मी यंदा, म्हणजे २००९ च्या दिवाळीनंतर, दुबईच्या चुलतभावाकडून नवाकोरा आरसा नसलेला कॅमेरा आणि त्याचीच पंचेचाळीसची मॅक्रो मागवली. संजयनं ती तळहातावर घेतली आणि म्हणाला, "ही लेन्स हाय का बाटलीचं टोपण?"

तोंडानं हे भांडण मिटणार नव्हतं. एकच विषय, एकच सकाळ, दोन्ही लेन्स, असं ठरलं. डिसेंबरात आजऱ्याकडे काजूला मोहोर येतो आणि मोहोरावर मुंग्या. मुंगीसारखा परीक्षक दुसरा नाही, कारण ती कुणाच्याही ब्रँडला भीक घालत नाही.

यात तिसरी लेन्स घुसली ती माझ्या हावरेपणामुळे. गडहिंग्लजला एका स्टुडिओवाल्या अण्णांकडे जुनी पंचावन्नची मॅक्रो आहे, पूर्ण धातूची, हातानं फिरवायची, असं ऐकलं होतं. आरसा नसलेल्या कॅमेऱ्याची खरी गंमत हीच की तो अंगानं पातळ. मध्ये योग्य जाडीची रिंग घातली की कुणाचीही जुनी लेन्स बसते. परदेशी रिंग परवडेना, म्हणून आमच्याच लाइनीतल्या दत्तू टर्नरकडे गेलो.

"कशाचा पार्ट हाय?" त्यानं विचारलं.

"कॅमेऱ्याचा. जाडी चुकली तर लांबचं दिसणार नाही."

"किती थाऊ इकडंतिकडं चालंल?"

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मी म्हटलं, दोन. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला पोळपाट करायला सांगितला होता. दोन दिवसांनी रिंग हातात आली. मी मोजली, एक थाऊसुद्धा चुकलेली नव्हती.

शनिवारी सकाळी सातला संजयच्या व्हॅननं निघालो. तुम्ही जाणार असाल तर कागल, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज हा रस्ता धरा. हायवे चौपदरी आहे, संकेश्वरनंतर मात्र उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगायची तयारी ठेवा. एसटीनंही जाता येतं आणि गाड्या भरपूर आहेत. संकेश्वरात थांबून मिरची घ्यायची असेल तर येताना घ्या. आम्ही जाताना घेतली आणि गडहिंग्लजपर्यंत शिंकत गेलो.

अण्णांचा स्टुडिओ बाजारपेठेत, पहिल्या मजल्यावर आहे. कपाळाला विभूती, पांढरा सदरा, वय सत्तरीच्या पुढे. आतून त्यांच्या मंडळी कानडीत काहीतरी बोलल्या, त्यांनी मराठीत उत्तर दिलं आणि आमच्यासमोर शेंगा आल्या. गडहिंग्लजच्या शेंगा खाताना किमतीचं बोलणं बरं दिसत नाही, म्हणून मी आधी त्या संपवल्या.

"तम्मा, भिंग इकायचं न्हाई," अण्णा म्हणाले. तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. "ह्या भिंगानं मी अर्ध्या तालुक्याच्या मयतांचे फोटू केल्यात."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. माणूस गेलं की घरच्यांना कळतं, त्याचा एकट्याचा फोटोच नाही. मग कुठल्या तरी लग्नाच्या ग्रुपमधला, रेशनकार्डावरचा, जत्रेतला एवढासा फोटो घेऊन लोक येत. अण्णा या लेन्सनं त्याची कॉपी करत, मोठा करत, ब्रशनं डोळे ठीक करत आणि फ्रेम करून देत. मी मॅक्रो म्हणजे मुंग्या आणि दवबिंदू समजत होतो. या माणसानं चाळीस वर्षं मॅक्रो केली आणि एकही मुंगी काढली नाही. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडलोही.

"न्या, वापरा, आणून द्या," ते म्हणाले. "पर एक काम करा. आजऱ्याला चाललाय न्हवं?"

आजऱ्यात सुजाताबाई म्हणून शिक्षिका आहेत. त्यांच्याकडे छप्पन साली दीक्षेला निघालेल्या मंडळींचा ग्रुप फोटो आहे. त्यात त्यांचे वडील. दुसरा फोटो नाही. दीक्षेनंतर वर्षभरात ते तापानं गेले, तेव्हा सुजाताबाई पोटात होत्या. आता आईला काचबिंदू आहे. एक डोळा गेला, दुसऱ्याची नजर आवळत चाललीय. समोर मधोमध मोठं काही धरलं तर दिसतं, तेही किती दिवस, ते डॉक्टर सांगत नाहीत. त्या एवढ्याशा चेहऱ्यातलं आईला गेली कित्येक वर्षं काही दिसलेलं नाही. एकदा दिसावं, एवढंच लेकीचं म्हणणं.

"मग स्कॅन का नाही केला?" संजयनं विचारलं.

"आजऱ्याचा पाऊस ठावं हाय न्हवं. फोटू ओलीनं काचेला चिकाटलाय. सोडवाय गेलं तर तोंडं काचंवरच ऱ्हातील. आणि म्हातारी फ्रेम घराभाईर न्हिऊ देत न्हाई. मी गेलो आसतो, पर आता फोकस करायला माझंच डोळं ऱ्हाईलं न्हाईत."

निघताना त्यांनी माझ्या हातात हाताएवढा आरसा दिला. "फोटूवर मधोमध ठेवायचा. भिंगाला आपलंच तोंड बराबर मधी दिसलं की समज, कॅमेरा सरळ. मग आरसा काढायचा."

आरसा नसलेल्या कॅमेऱ्याला शेवटी आरसा लागलाच, यावर संजय आजऱ्यापर्यंत हसत होता.

मुक्काम आजऱ्यात स्टँडजवळच्या लॉजवर केला. दोघांत अडीचशे, पाणी बादलीनं गरम. जेवायला घनसाळ तांदळाचा भात मागा. न मागता दुसराच वाढतात.

रविवारी सकाळी गावाबाहेरच्या काजूच्या बागेत मुंग्यांची परीक्षा झाली. लेन्स घ्यायच्या विचारात असाल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी. माझी पंचेचाळीसची हलकी, आवाज न करणारी, रंग सुंदर. पण मुंगी पूर्ण मापात, म्हणजे सेन्सरवर जेवढ्यास तेवढी, हवी तर चार बोटांवर जावं लागतं. तेवढ्या जवळ माझीच सावली पडते आणि मुंगी पानाखाली जाते. शिवाय ऑटोफोकस गोंधळला की लेन्स पुढंमागं धावत बसते. संजयची शंभरची वीतभर लांबून तेवढंच मोठं काढते. मुंगीला पत्ताही लागत नाही. वजनानं मात्र खांदा उतरतो. अण्णांची पंचावन्नची निम्म्याच मापापर्यंत जाते, पण माझ्या लहान सेन्सरवर ते निम्मंही भरपूर वाटतं. आणि तिची रिंग फिरवताना हाताला जे सुख लागतं ते बाकी दोघींत नाही. दत्तूच्या रिंगेवर ती अशी बसली की जन्माची तिथलीच. मोहोराच्या एकेका पाकळीवरची गुलाबी रेघ तिघींनीही दाखवली, आणि मी तासभर भांडण विसरून गेलो.

दहा वाजता सुजाताबाईंकडे पोचलो. "जय भीम" झालं, चहा झाला. बाई पन्नाशीच्या, बोलणं शाळेतल्यासारखं नेमकं. आजी ओट्यावर बसून होत्या. आवाजाच्या दिशेनं मान वळवून म्हणाल्या, "कोल्लापूरचं पावणं व्हय? मालकांचा फोटू काढाय आलाय न्हवं? तिसऱ्या रांगंत हाईत बघा, डावीकडनं दुसरं."

मालक म्हणजे नवरा. त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. आजींच्या बोलण्यात सगळं "मालक", "त्येनी", "त्यास्नी" असंच येत होतं. "मालकांस्नी गूळ लई आवडायचा." "त्येनी कधी वरडून बोललं न्हाईत." ऐकणाऱ्याला वाटावं, पांढऱ्या मिशांचे कुणी भारदस्त गृहस्थ आत बसलेत.

फ्रेम भिंतीवरून काढून ओट्यावर आडवी ठेवली. पन्नासेक माणसं, प्रत्येक चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. मी सवयीप्रमाणे आधी भिंगातून पाहिलं आणि बघतच राहिलो. मोठ्या काचेच्या निगेटिव्हवरून थेट छापलेला फोटो होता तो. टोप्यांच्या शिवणी दिसत होत्या. पन्नास माणसांना उन्हात उभं करून त्या अनोळखी फोटोग्राफरनं एकालाही हलू दिलं नव्हतं. मी रोज शंभर कास्टिंग तपासतो, असं निर्दोष काम क्वचित बघायला मिळतं.

काचेत आभाळ दिसायला लागलं. सुजाताबाईंनी काळी छत्री आणली आणि कॅमेऱ्यावर उघडी धरून उभ्या राहिल्या. अण्णांचा आरसा मध्ये ठेवून कॅमेरा सरळ केला. आधी संजयनं शंभरच्या लेन्सनं काढले. त्याच्या कॅमेऱ्यात आधी स्क्रीनवर दिसायची सोय नाही, त्यामुळे तो आत बघत होता आणि आजी वाट बघत होत्या.

मग माझा कॅमेरा. त्याचा स्क्रीन वळतो आणि चित्र दहापट मोठं करून आधीच दाखवतो. मी तो आजींच्या चांगल्या डोळ्यासमोर वळवला. आधी माझी नवी पंचेचाळीसची. काचेवरच्या डागांनी ऑटोफोकस गोंधळला आणि लेन्स मागंपुढं धावू लागली. स्क्रीनवर चेहरा यायचा आणि विरून जायचा.

"आलं," आजी म्हणाल्या. "गेलं. कुठं गेलं गं?" त्यांनी लेकीचा हात धरला. छत्री हलली.

त्या क्षणी मला माझ्या महागड्या लेन्सचा मनापासून राग आला. ती काढली आणि अण्णांची चढवली.

हातानं रिंग फिरवायला लागलो, अगदी सावकाश. आधी करडा धूर. त्यातून टोपीची कड. मग कपाळ. मग दोन डोळे, थोडे मिचकावलेले, कारण त्या दिवशी ऊन तोंडावर होतं.

"थांब," आजी म्हणाल्या. "हितंच थांब. हालू नगंस."

मी रिंग सोडली. ती होती तिथंच राहिली. आजी स्क्रीनला नाक लावण्याइतक्या जवळ गेल्या होत्या.

"सुजे," त्या स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाल्या, "ह्याला तर अजून मिसरूडबी न्हाई."

सुजाताबाई म्हणाल्या, "बावीस वर्षांचे होते, आई. तूच सांगतेस की."

"सांगती. पर मला म्हाईतच नव्हतं ह्यो एवढा ल्हान हाय." त्यांनी बोट पुढं केलं आणि स्क्रीनवर त्या गालावरून फिरवलं. "आपल्या अमितपरास बारका. पोरगंच हाय की गं ह्ये."

अमित म्हणजे नातू, पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. मालक, त्येनी, त्यास्नी, बावन्न वर्षांचा सगळा मान एका मिनिटात गळून पडला आणि "ह्यो" उरला, जो आपण पोटच्या पोराला म्हणतो. आजींच्या मनातले मालक त्यांच्याबरोबर म्हातारे होत आले होते. स्क्रीनवरचा हा मुलगा बावीसलाच थांबला होता. मला रडू आलं आणि मी ते छत्रीआड लपवलं नाही. संजयही नाक ओढत होता, आणि त्यानं मिरचीचं कारण दिलं नाही.

परतताना अण्णांना लेन्स दिली. त्यांनी पुसली, डब्यात ठेवली आणि विचारलं, "दिसलं?" मी हो म्हटलं. "मग झालं की," म्हणाले आणि पुन्हा शेंगा मागवल्या.

घरी येऊन कॉम्प्युटरवर त्या चेहऱ्याचे तिन्ही फोटो शेजारी लावले; पंचेचाळीसचा मी नंतर ऑटोफोकस बंद करून काढला होता. जाहीर कबूल करतो, सगळ्यात स्वच्छ फोटो संजयच्या शंभरच्या लेन्सचा आला. कोपऱ्यापर्यंत धारदार. माझी पंचेचाळीसची थोडी मागं, पण तिचं वजन विचारात घेता कौतुकच करावं लागेल. अण्णांची मापात तिसरी. मुंग्या काढायच्या असतील तर शंभरची घ्या, डोंगर चढायचे असतील तर पंचेचाळीसची. पण कधी कुणाला काही दाखवायचं असेल, तर हातानं फिरणारी आणि सोडली तिथं थांबणारी एखादी जुनी लेन्स जवळ असू द्या. हे मला चाचणीच्या कुठल्याच तक्त्यात बसवता आलेलं नाही.

संजयच्या फोटोवरून अण्णांनी बारा बाय पंधराची प्रिंट केली. डोळ्यांना ब्रश लावला नाही. "गरज न्हाई," म्हणाले. सुजाताबाईंनी ती फ्रेम केली आणि गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. भिंतीवर लावलीय, आई रोज सकाळी खुर्ची ओढून समोर बसते, म्हणाल्या.

"छान झालं," मी म्हटलं. "हार घातलात?"

"आणला होता. आईनं घालू दिला नाही. म्हणाली, एवढ्याशा पोराच्या फोटूला हार घालत्यात व्हय."