उल्लेख मोजणारे लक्ष्मणराव

मोहाडीच्या लक्ष्मणराव सोनकुसऱ्यांना कोणी विचारलं, "काय काम करता जी?" की ते ऐटीत सांगत, "उल्लेख मोजतो." घर कोष्ट्यांचं. बापाने जन्मभर लुगडी विणली, आणि पोरगा करडीच्या वाटेवरच्या धान संशोधन केंद्रात बसून शास्त्रज्ञांचे लेख कुठे छापून आले, पुढे कोणी कोणी त्यांचा उल्लेख केला, याचा हिशेब ठेवी. "यांचं म्हणणं साफ चूक आहे" असं कोणी लिहिलं, तरी तो उल्लेखच. केंद्राला मिळालेले बहुतेक उल्लेख त्याच जातीचे होते. केंद्राचे साहेब दर वेळी पेढे वाटत.

एक्क्याऐंशी साली तपासणीला समिती आली. तिला नुसते लेख पुरेनात. तुम्ही काढलेला 'अकरा नंबर' धान कोण पेरतो ते दाखवा, नाहीतर केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात हलवतो, असं तिने बजावलं. लक्ष्मणरावांच्या तोंडचं पाणी पळालं. आई दुर्गाबाई अंथरुणाला खिळलेली. केंद्रासोबत त्यांनाही जावं लागणार, आणि आई मोहाडी सोडायला तयार नव्हती.

बिचारे गावोगाव हिंडले. अकरा नंबरचं नावही कोणी ऐकलेलं नव्हतं. करडीत मात्र जो तो 'सुलोचना' नावाच्या धानाचं कौतुक करी. सुलोचनाबाई तिथल्याच शेतकरीण. आता आपल्याकडे बी दुकानातून कोण आणतो? ते माहेरून पदरात बांधून येतं, आणि जिने आणलं तिच्याच नावाने गावभर पसरतं.

"माह्या भावानं देल्लं जी," बाई म्हणाल्या. "तो तुमच्याच केंद्रात रोवण्याले जाये. चार लोंबा आणल्या होत्या कंबरेत खोचून."

केंद्राने काढलेला वाण तर तो एकच. म्हणजे करडीभर अकरा नंबरच पेरला जात होता! लक्ष्मणराव मूठभर सुलोचना घेऊन धावतच साहेबांकडे गेले. साहेबांनी अर्धंच ऐकलं आणि ते टुणकन उठले. "जुना गावठी वाण? अहो, हा तर लेखाचा विषय!"

खरं सांगायला लक्ष्मणरावांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. लेख गाजला तर केंद्र राहील, केंद्र राहिलं तर आई मोहाडीत राहील.

साहेबांनी दोन्ही धान शेजारी शेजारी लावले. दाणा न् दाणा जुळला. जुळणारच, दुसरं काय होणार? साहेबांनी मात्र निष्कर्ष काढला, की करडीचा पिढीजात वाण इतका सरस आहे की अकरा नंबरची गरजच नाही. लेख दूरदूर गाजला. उल्लेखांचा ढीग पाहून समिती गावं मोजायचं विसरली. केंद्र वाचलं. अकरा नंबरचं बी ठेवणं तेवढं बंद झालं.

चार-पाच वर्षांनी सुलोचनाबाई स्वतः केंद्रात आल्या. "बी मिसळलं जी सारं. पोरगी सासरी चालली, तिले द्याचं आहे. असल बी भेटन काय?"

बी नव्हतं. लक्ष्मणरावांनी कपाटातून तो छापील लेख काढला आणि बाईंचं नाव बोट ठेवून दाखवलं. बाईंनी कागद उलटून पाहिला. आयुष्यात पहिल्यांदाच लक्ष्मणरावांना आपल्या कामाची लाज वाटली.

"माह्या नावाचा कागद इतका जपून ठेवला," बाई म्हणाल्या, "मंग बी काहून नाही ठेवलं?"