दुमडणारी ट्रॉली

“दुमडणारी ट्रॉली मी इकत घेऊ? ती तर फुकटात दुमडती!”

पिंपळगावचे द्राक्षबागायतदार आप्पा माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांना गळकी बादली विकायला आलोय. अंबडला माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. जन्मभर ग्रिल आणि गेट केली. कयाक न्यायचा हा फोल्डिंग ट्रेलर म्हणजे माझं स्वतःचं पहिलं डिझाइन. आप्पांना पसंत पडला तर त्यांच्या ओळखीच्या रिसॉर्टवाल्यांच्या ऑर्डरी मिळणार होत्या, नाहीतर आहेतच पुन्हा ग्रिल. म्हणून जरा चांगलं मराठी बोलायला गेलो आणि ‘फोल्डिंग’ला ‘दुमडणारा’ म्हणून बसलो. ट्रॅक्टरवाल्यांत ट्रॉली दुमडली म्हणजे रिव्हर्स घेताना ती आडवी वळून ट्रॅक्टरलाच भिडली. पिंपळगावात या शब्दावर कोणी काही विकत नाही.

कयाक म्हणजे लांब, निमुळती, बसून वल्हवायची होडी. पर्यटकांसाठी आप्पांनी चार घेतल्या होत्या. एरवी त्या पिंपळगावच्या द्राक्षं भरायच्या पॅकहाउसमध्ये ठेवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला न्यायच्या. होड्या भिंतीवर टांगता येतात, पण ट्रेलर कुठे टांगणार? द्राक्षाच्या सीझनमध्ये तिथे क्रेट सोडून माणसालाही जागा नसते. म्हणून मी चेसिसला मधोमध बिजागऱ्या दिल्या. दोन पिना काढल्या की त्याची घडी होते आणि तो भिंतीला टेकून उभा राहतो.

“बरं, ट्रायल घेऊ,” आप्पा म्हणाले. ट्रायलला आप्पांच्या मंडळी, म्हणजे काकूही आल्या. “अहो, मलाबी बघू द्या की तुमच्या होड्या,” म्हणत जीपमध्ये पुढेच बसल्या.

बॅकवॉटरला पाण्यापर्यंत अरुंद उतार होता. मी म्हटलं, “आप्पा, इथंच सोडा. होड्या हातानं नेऊ.”

“इंजिनेर, मार्केट यार्डात कांद्याची ट्रॉली एका दमात लावतो मी. हे तर खेळणं हाय.”

आता यातली गोम सांगतो. रिव्हर्समध्ये स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो. लांब ट्रॉली सावकाश वळते, सावरायला वेळ देते. आखूड ट्रेलर तेवढा दयाळू नसतो. हे मी बोलणार होतो, पण गिऱ्हाईक मिशीला पीळ देत असताना गप्प बसावं एवढी अक्कल मला आहे.

आप्पांनी रिव्हर्स टाकला आणि खर्र! ट्रेलर आडवा झाला, जीपच्या बंपरला घासला आणि त्याचं चाक बाभळीच्या खुंटामागे गेलं. जीप पुढे घेतली तरी सुटेना. लोखंड वाकलं असतं तर माझं डिझाइन तिथंच संपलं असतं.

काकू खाली उतरल्या. “अहो, दुमडली!”

“मी म्हणलो नव्हतो? दुमडणारीच हाय ती!” आप्पा माझ्यावर घसरले.

मी दोऱ्या सोडून होड्या उतरवल्या. ट्रेलर जीपपासून सुटा केला, दोन पिना ओढल्या, घडी घातली आणि उभा करून खुंटाला वळसा घालून ढकलत मोकळ्यावर आणला. लोखंड शाबूत होतं, फक्त रंग गेला होता. नेहमीची ट्रॉली असती तर सोडवायला ट्रॅक्टर बोलवावा लागला असता. काकू ट्रेलरभोवती फिरून आल्या.

“भाऊ, आमच्या जीपलाबी ही सोय करून द्या. यांनी कुठं अडकवली की घडी घालायची नि घरी आणायची.”

आप्पांनी दोन दिवस फोन उचलला नाही. मग ऑर्डरच घेऊन आले, सोबत दोन रिसॉर्टवाले. माझ्यासमोर त्यांना सांगत होते, “मी मुद्दाम अडकवून बघितली. लय भारी माल हाय!” मी मान डोलावली.

कोटेशनवर आता मी ‘घडीचा ट्रेलर’ लिहितो. आणि ट्रायलला गिऱ्हाइकाच्या मंडळींना आवर्जून बोलावतो. पिना मी काढतो, पण नवऱ्याकडून ऑर्डर त्या काढतात.