शेतकरी राजाची राणी

परवा एका मैत्रिणीनं चिखलदऱ्याहून कॉफीच्या बियांची पुडी आणून दिली. संध्याकाळी कढईत त्या भाजायला घेतल्या, तो करपट-गोडसर वास घरभर पसरला, आणि मी गॅस बारीक करून ओट्याला टेकून नुसतीच उभी राहिले. अमरावतीत आमच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांच्या घरी हा वास असायचा. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, बिया भाजून खलबत्त्यात कुटायच्या आणि सर म्हणायचे, अठराव्या शतकातलं लंडन समजून घ्यायचं तर आधी हा वास घ्या. तिथलं निम्मं राजकारण कॉफीच्या दुकानात बसून झालं.

मी धामणगावकडच्या खेड्यातली. घरातली पहिली पदवीधर, आणि त्याचा तोरा मला तेव्हाही होता, आजही आहे. पण इंग्लंडच्या इतिहासातली नावं माझ्याच काय, वर्गात कुणाच्याच जिभेवर बसत नसत. सरांनी त्यावर तोड काढली. ती सगळी माणसं त्यांनी एका गावात आणून वसवली. पंतप्रधान झालेले बाप-लेक म्हणजे थोरले मालक आणि धाकटे मालक. खवळलेल्या दर्यातही अचूक चालणारं घड्याळ घडवणारा तो सुतारबुवा. गाईच्या फोडातली लस टोचून देवीच्या रोगाला अटकाव करणारा तो गवळणीचा डॉक्टर. एकदा चाचणीचे पेपर दुसऱ्याच सरांनी तपासले. आम्ही सगळ्यांनी बिनदिक्कत लिहिलं होतं, ‘धाकटे मालक चोविसाव्या वर्षी पंतप्रधान झाले.’ खाली लाल शाईत प्रश्न आला, ‘कोणाचे मालक?’ सर पोट धरून हसले. “लेकहो, आपल्या गावची गोष्ट बाहेर काऊन सांगितली?”

पण त्यांचा खरा जीव होता त्या काळच्या इंग्लंडच्या राजावर, आमच्या गावातल्या ‘शेतकरी राजा’वर. “अमेरिका गेली त्याच्या हातची, तेवढंच लोकाइच्या ध्यानात रायलं. मेंढ्या पाळे, पेरणीच्या गोष्टी करे, ते कोणी सांगत नाई.” म्हातारपणी हा शेतकरी राजा भ्रमिष्ट झाला, आंधळा झाला. राणी वारली, तेही त्याला उमगलं नाही म्हणतात. तेवढा भाग सर आमच्याकडे पाठ करून, खिडकीशी उभं राहून शिकवत.

काकूंना जाऊन आता वर्ष होत आलं. सर अकोल्याला लेकीकडे असतात. त्या वासानं रात्रभर चैन पडू दिलं नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी मी अकोला गाठलं. ताईनं, त्यांच्या लेकीनं, मला दारातच थांबवलं.

“बाबाले काई आठवत नाई आता. आई कुठी हाये इचारतीन, तर बडनेऱ्याले मावशीकडे गेली म्हणजो. सुरवातीले आमी खरं सांगितलं. दर वेळी पहिल्यांदा आयकल्यासारखे रडले. अन् चहाच्या वक्ताले पुन्हा तेच, तुही आई कुठी?”

मी तोंडावर बोलणारी बाई, नात्यागोत्यात त्यापायी बदनाम. मला हे पटेना. जन्मभर ज्याच्या घरात राबल्या, त्या माणसानं काकूंसाठी रडूही नये? तसं बोलूनही दाखवलं. ताई म्हणाली, “मंग तूच सांग. अन् रडले का तूच समजाव.”

सर पलंगावर बसले होते. मला ओळखलं नाही. कुणी पाहुणी आली आहे, एवढं कळलं.

“कुठून आल्या तुमी?”

“अमरावतीहून, सर.”

“मंग आमची मंडळी दिसली असन तुमाले. सकाळपासून घरात नाई ते.”

ओठांवर आलेलं खरं तिथंच राहिलं. “बडनेऱ्याले गेल्या, बहिणीकडे,” मी म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावरच्या आठ्या एकेक करून सैल झाल्या. “मंग येतच असन. जेवल्याबिगर जाऊ नका. ते माह्यावर रागावन.”

मी बसले. अंगणातलं ऊन भिंतीवर चढत गेलं. बाहेर ऑटो थांबला की सर मान वर करत, आणि पुढंपुढं माझीही मान वर होऊ लागली. आपण शिकलो त्या इतिहासात माणूस कधी गेलं हे लिहिलेलं असतं. मागं राहिलेल्याच्या मनातून ते कधी गेलं, की गेलंच नाही, हे कुठल्या पुस्तकात सापडायचं? काळ सगळ्यांना एकाच चालीनं पुढं नेतो असं मी समजत होते. त्या खोलीत तो सरांच्या पायाशी बसून राहिला होता, आणि त्याला उठवायची हिंमत कुणात नव्हती.

दिवे लागले तरी माझा पाय निघेना. ताईला वाटलं, सरांसाठी थांबले आहे. तिला कसं सांगू? मीही काकूंची वाट पाहत होते, आणि उठून जाणं म्हणजे त्या येणार नाहीत हे आधी मीच मान्य करणं होतं.