मुहूर्तावर उडवलेली जुनी वेबसाइट

मंडळी, आज तुर्भ्याला आमच्या पंपाच्या कारखान्यात नव्या वेबसाइटचं उद्घाटन झालं. मी म्हटलं, "साहेब, आधी जुनीवरची माहिती नवीनवर घेऊ."

"अकराचा मुहूर्त टळेल!" साहेबांनी नारळ फोडला आणि जुनी साइट डिलीट करायला लावली.

बारापासून गिऱ्हाइकांचे फोन सुरू. पंपांवर चिकटवलेले क्यूआर कोड जुन्याच पानांवर जातात, आणि तिथे आता काहीच नाही.

ती पानं कदमकाकांनी वर्षानुवर्षं टाइप केलेली. गेल्या महिन्यात साहेबांनी त्यांना "जुनाट" म्हणून घरी बसवलं. आज सगळ्यांसमोर स्पीकरवर त्यांनाच फोन लावला, "काका, कॉपी असेल ना?"

"होती साहेब, माझ्या कॉम्प्युटरवर. तो तुम्ही भंगारात दिलात."

मी साहेबांकडे बघत उद्घाटनाचा दुसरा पेढा उचलला. तुम्ही नसता उचलला?