नवसातले चव्वेचाळीस किलो

मी दोघींना फसवलं. एक देवी आणि दुसरी शैला. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी मला फसवलं, असं मी वर्षभर सगळ्या मीरा रोडला सांगत फिरले. ते खरं नव्हतं. ज्यांनी ते माझ्या तोंडून ऐकलं असेल, त्यांनी आता हेही ऐकावं.

पुजारीकाकांनी देवळाच्या स्मरणिकेसाठी अनुभव लिहून मागितला, तेव्हा त्यांना वाटलं असेल की ही नवस पावल्याचं लिहील. नवस पावला हे खरंच आहे. पण तो कसा फेडला, ते लिहायला घेतलं की हात थांबतो.

माझं वजन एकशे बारा किलो होतं. साखर वाढलेली, गुडघे गेलेले, दुसऱ्या मजल्यावरच्या घरी जाताना मध्ये बसावं लागे. शेवटी पोट लहान करायच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि माझ्या सासूबाई घाबरल्या. आदल्या मंगळवारी मला देवीसमोर उभं करून त्या बोलल्या, "माझी सून सुखरूप घरी येऊ दे, तिच्या वजनाइतका गूळ तुला वाहीन." आमच्या रत्नागिरीकडे हा तुळेचा नवस नवा नाही. एका पारड्यात माणूस बसतो, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा चढतात, पारडी सारखी झाली की तो गूळ देवीपुढे ठेवून आल्यागेल्याला वाटतात. मी सुखरूप घरी आले. नवस तेव्हाच फेडायचा होता. मी आधी म्हटलं, टाके ओले आहेत. मग म्हटलं, अंगात ताकद नाही. मग म्हटलं, दिवाळीची ऑर्डर आहे. खरं कारण असं की वजन उतरत होतं आणि मी वाट बघत होते. चौदा महिन्यांनी काटा अडुसष्टवर येऊन अडला, पुढे हलेना, तेव्हा मी नवी पैठणी नेसून पारड्यात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी माझ्या शिवणकामाच्या गाळ्यावर सगळ्या बायकांना हसत सांगितलं, "देवीकडूनसुद्धा भाव पाडून घेतला बघा." बायका हसल्या. सासूबाईंनी मात्र त्या गुळातला खडा तोंडात घातला नाही. म्हणाल्या, "अगो, मी बोलले तेव्हा जी माझ्या बाजूला उभी होती, तिचा नवस होता तो. ती आता कुठे आहे?" मी म्हटलं, "आई, तुम्हाला व्यवहार कळत नाही."

व्यवहार मला कळत होता, याचा मला फार अभिमान होता. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आले तेव्हा पूनम सागर वसाहतीतल्या एका खोलीत बसून साड्यांना फॉल-बीडिंग करत होते. आज मीरा रोडच्याच हाटकेश भागात स्वतःचा गाळा आहे, अकरा मशीन आहेत, गाऊन शिवून जातात. कापडवाल्याने सांगितलेल्या भावाला मी कधीच हो म्हटलेलं नाही. समोरचा दमेपर्यंत बसायचं, हे माझं भांडवल. दुखतंय, जमत नाही, उद्या देते, या शब्दांमागे काहीतरी लपवलेलं असतं अशी माझी खात्री होती. आणि राग तर नाकावरच.

शैला माझ्याकडे ओव्हरलॉक मशीनवर होती. हात सोन्याचा. पण रोज सकाळी चेहरा पडलेला. अंग दुखतंय, झोपून उठले तरी झोपल्यासारखं वाटत नाही, आज मान, उद्या मांड्या. मी म्हटलं, रिपोर्ट आण. तिने आणले. सगळे नॉर्मल. मग एका दुपारी डबे उघडलेले असताना मी तो कागद सगळ्यांना दाखवून म्हटलं, "बघा, कागद सांगतो बाई ठणठणीत आहे. ही नाटकी आहे, नाटकी." तिने डबा तसाच बंद केला, पिशवी उचलली आणि निघून गेली. मी तिला परत बोलावलं नाही. वर तिच्या चाळीतल्या एका बाईलाही सांगितलं की शैलाला काम नको असतं, निमित्तं हवी असतात. त्यानंतर तिला हाटकेशमध्ये कुणी मशीनवर बसवलं नाही, हे मला माहीत होतं. माझं ऑपरेशन व्हायच्या आधीची ही गोष्ट.

तुळा होऊन महिना झाला नसेल, माझं अंग दुखायला लागलं. खरं तर त्याआधीही दुखत होतं, पण वजन उतरतंय या आनंदात मी लक्ष दिलं नव्हतं. आता सकाळी उठताना वाटे, रात्रभर कुणीतरी मला धोपटलंय. बांगडी टोचायची. नातवाने प्रेमाने मिठी मारली तरी कळ यायची. शब्द आठवायचे नाहीत. कापडवाल्यासमोर आकडा विसरून मी गप्प बसले, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. रक्त तपासलं, बी-बारा, डी, लोह सगळं पाहिलं, जे कमी होतं ते भरून काढलं, तरी दुखणं जागच्या जागी. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्याही घ्यायची सोय नाही, कारण पोटाचं असं ऑपरेशन झालेल्यांना त्या गोळ्यांनी आत जखम होऊ शकते. मी डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन बाकीच्या पेशंटांसमोर ओरडले, "वजन काढून घेतलंत आणि दुखणं भरून दिलंत!" त्यांनी शांतपणे मला संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

त्यांनी नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. म्हणाल्या, हाडं झिजलेली नाहीत, आत काही सडत नाही. पण मेंदूपर्यंत वेदना पोचवणारी यंत्रणा फार मोठ्या आवाजात बोलते आहे. रिपोर्टमध्ये दिसत नाही, म्हणून ते खोटं नसतं. ऑपरेशनमुळेच झालं असं सांगता येत नाही. आधीपासूनही असेल, सगळं वजनाच्या नावावर जात असेल. रात्रीची एक गोळी, वेळेवर झोप, रोज थोडं चालणं. मी विचारलं, "किती दिवसांत बरं होईल? पक्कं सांगा." त्या म्हणाल्या, "पक्कं कोणी सांगितलं तर त्याच्याकडे जाऊ नका." मला त्यांचाही राग आला. रिपोर्टमध्ये दिसत नाही, हे वाक्य ऐकताना मला शैलाचा चेहरा आठवला होता. मी तो पटकन बाजूला सारला.

त्याऐवजी मी देवीला धरलं. मनात आलं, हा कोपच आहे, चव्वेचाळीस किलोंचा. आता लिहिताना कळतं की मी देवीलाही माझ्यासारखीच समजत होते, तराजू धरून बसलेली. मग एका मंगळवारी चव्वेचाळीस किलो गुळाच्या ढेपा रिक्षात घालून देवळात गेले आणि पुजारीकाकांना म्हटलं, "उरलेली तुळा करून टाका."

काका म्हणाले, "वहिनी, तुळा रिकाम्या पारड्याची होत नाही. उरलेल्या चव्वेचाळीस किलोंची बाई कुठे आहे? तिला आणा, बसवू पारड्यात."

मागे रांगेतलं कुणीतरी हसलं. मी चिडले. देवळात उभी राहून वाटेल ते बोलले, अगदी देवीलाही सोडलं नाही. "एवढं आणून दिलं तरी पुरत नाही का तुला?" असं मी मूर्तीकडे बोट दाखवून म्हटलं. आणि पायऱ्या उतरताना माझ्या मांड्यांनी दगा दिला. तिसऱ्या पायरीवर बसले ती बसलेच. उठता येईना. लोक बाजूने जात होते. एक बाई दुसरीला म्हणाली, "बघ ना, चांगली सडपातळ आहे, बसलीय कशी वाटेत!" मला जिवाच्या आकांताने ओरडून सांगायचं होतं की मला खरंच दुखतंय. पण दाखवायला काय होतं माझ्याजवळ? जखम नाही, सूज नाही, कागद नाही.

तेव्हा पायऱ्यांशेजारच्या ओटीच्या दुकानातून एक बाई आली. तिने माझा दंड धरला नाही, काखेत हात घातला नाही. फक्त आपला तळहात पुढे केला आणि म्हणाली, "तुमच्या जोराने धरा. मी धरलं तर कळ येईल." असं अजून कुणीही केलं नव्हतं, घरच्यांनीही नाही. मी तो हात धरला आणि वर पाहिलं. शैला होती.

दुकान तिच्या नणंदेचं. नणंद लग्नाला गावी गेलेली, म्हणून शैला त्या एका दिवसापुरती बसली होती. तिने मला मागच्या चटईवर आडवं केलं, पायांखाली खणांचं गाठोडं सरकवलं आणि गरम पाण्याची पिशवी मानेखाली दिली. ती पिशवी तिची स्वतःची होती. मग शेजारी बसून म्हणाली, "काय वहिनी, रिपोर्ट आणलाय का?"

मी रडायला लागले. ती थोडी हसली. "राहू द्या. नॉर्मलच असेल."

त्या दुपारी तिने मला जे सांगितलं, त्यावर मी आज उभी आहे. सरकारी दवाखान्यातल्या एका बाईंनी तिला ते शिकवलं होतं. पंधरा मिनिटं काम, पाच मिनिटं आडवं, मग दुखत असो वा नसो. "आणि खरी फसगत चांगल्या दिवशी होते," ती म्हणाली. "आज बरं वाटतंय म्हणून आठवड्याचं उरकायला जातो आपण. मग चार दिवस अंथरुणात. चांगल्या दिवशीसुद्धा ठरलं तेवढंच करायचं, वहिनी. जास्त ओढायचं नाही." आयुष्यभर मी प्रत्येक सौद्यातून शेवटचा थेंब ओढून घेतला होता. शरीराशीही तेच करत होते.

त्या मंगळवाराला चमत्कार म्हणायचं की नाही, ते मी ठरवत नाही. देवीला तोंडावर बोलून मी तीन पायऱ्या उतरले, आणि तिथेच तिने मला उचलायला नेमकी तीच बाई पाठवली, जिला मी खाली पाडलं होतं. शिक्षा द्यायची असती तर पायरीवर बसवूनच ठेवलं असतं. तो गूळ काकांनी रांगेतल्यांना वाटून टाकला, तुळेवाचून. त्या संध्याकाळी मी देवीसमोर पहिल्यांदा काहीही न मागता, कसलाही नवस न बोलता बसले. मला कसं बसायचं तेही कळत नव्हतं. आई, हे अंग तुझं, जेवढं चालवशील तेवढं चालेन, एवढंच मनात आलं. दुखणं गेलेलं नाही. पण मी त्याच्याशी घासाघीस करत नाही, आणि आठवड्यातले चार दिवस बरे जातात. सासूबाई माझ्याबरोबर संथ पावलांनी चालायला येतात, याचे उपकार कसे मानावेत ते कळत नाही.

शैलाला मी पुन्हा कामावर बोलावलं. पंधरा मिनिटांचा नियमही मान्य केला. ती म्हणाली, "काम नको. ज्या बायकांसमोर मला नाटकी म्हणालात ना, त्यांच्यासमोर सांगा की मी नाटकी नव्हते. बस."

मी म्हटलं, सोमवारी सांगते. त्या सोमवारी मी मशीनच्या मधोमध उभी राहिले, एका गाऊनचा गळा तपासत म्हटलं, "ती शैला खरंच आजारी होती हं." नवीन लागलेल्या एकीने विचारलं, "कोण शैला?" आणि मी म्हटलं, "जाऊ दे, गळा नीट घ्या." देवीसमोर पदर पसरणारी मी, अकरा बायकांसमोर एक वाक्य पुरं करू शकले नाही. ऑपरेशनची, दुखण्याची, गुळाची, कशाचीच मला आता लाज वाटत नाही. याची वाटते.

म्हणून हे इथे लिहिलं. माझ्या गाळ्यावरच्या बायकांनो, ही स्मरणिका तुमच्या घरी येते. शैला कधीच नाटकी नव्हती, खोटं मी बोलले. हे वाचून झालं की गप्प बसू नका. शैलाला मी येत्या सोमवारी बोलावलं आहे, ती येईन म्हणाली आहे. तिच्यासमोर मला विचारा की हिला नाटकी का म्हटलंस, हिचं काम का तोडलंस. मी चिडेन, तरी विचारा. मी विषय बदलेन, तरी विचारा. तिला पटेल असं उत्तर माझ्या तोंडून निघेपर्यंत एकीनेही मशीन चालू करू नये.